अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं: पेटीतून घरी आल्यावर विशीपर्यंत काय सांभाळायचं

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी येतं, तेव्हा सगळ्या घराचं लक्ष वजनाच्या काट्यावर असतं. किती ग्रॅम वाढलं, डोळ्यांची तपासणी झाली का, कानाची झाली का, मान कधी धरेल. फुप्फुसांचा विषय मात्र ऑक्सिजनची नळी निघाली की मिटला असं धरून चालतात. तो तिथे मिटत नाही. सातव्या महिन्यात जन्म झाला ही गोष्ट त्या मुलाच्या छातीच्या बाबतीत शाळेत, कॉलेजात आणि नोकरीला लागल्यावरही लागू राहते. तरीही पाच-सहा वर्षांनी कुठल्याही दवाखान्यात गेलं, तर ती कुणी विचारत नाही आणि घरचेही सांगत नाहीत. आईवडिलांनी कोणत्या टप्प्यावर काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

आधी आत काय घडतं ते. गर्भाच्या फुप्फुसात २४-२६ आठवड्यांना खरे वायुकोश, म्हणजे हवेतला ऑक्सिजन रक्तात पोचवणारे बारीक कप्पे, नसतात, साध्या पातळ पिशव्या असतात. वायुकोश ठळकपणे तयार होऊ लागतात ३६ व्या आठवड्याच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. मोठ्या माणसात त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. सातव्या महिन्यातल्या बाळाला या अर्धवट फुप्फुसांनीच श्वास घ्यावा लागतो. वरून व्हेंटिलेटरचा दाब, जास्तीचा ऑक्सिजन, जंतुसंसर्ग हे सगळं येतं. यातून होणाऱ्या दीर्घ आजाराला ब्राँकोपल्मनरी डिसप्लेसिया म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात बीपीडी. आईच्या पाळीपासून मोजून ३६ आठवडे भरले तेव्हाही बाळाला ऑक्सिजन किंवा श्वासाचा आधार लागत असेल, तर हे निदान करतात.

विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तेव्हाची बाळं तुलनेने मोठी होती आणि त्यांच्या फुप्फुसांवर अक्षरशः व्रण उठलेले असत. नंतर आईला प्रसूतीपूर्वी बाळाची फुप्फुसं लवकर पक्व करणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि बाळाला फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट हे औषध मिळू लागलं, त्यामुळे आणखी लहान बाळं जगू लागली. त्यांच्यात आज दिसतो तो मुख्यतः वाढ थांबल्याचा प्रकार: वायुकोश कमी, आणि आहेत ते मोठे व साधे. बीपीडीचा शिक्का नसलेल्या सातमाशी मुलांचाही जोराने हवा बाहेर टाकण्याचा वेग पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी भरतो. म्हणून "आमच्या बाळाला बीपीडी नव्हता" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पायरी १: डिस्चार्जच्या आधी कागद नीट करून घ्या

सुट्टीच्या दिवशी बिल, औषधं आणि गाडीच्या गडबडीत कागद नीट वाचायचे राहून जातात. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या गोष्टी आहेत ना ते आदल्या दिवशीच बघा आणि नसतील तर रेसिडेंट डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा: जन्माच्या वेळी किती आठवडे आणि किती दिवस झाले होते, जन्मवजन, आईला स्टेरॉइडचे डोस मिळाले होते का, सर्फॅक्टंट दिलं का, व्हेंटिलेटर, सीपॅप (नाकावाटे हवेच्या दाबाचा आधार) आणि ऑक्सिजन प्रत्येकी किती दिवस, ३६ आठवड्यांना नेमका किती आधार लागत होता, हृदयाजवळची पीडीए ही नळी औषधाने बंद झाली की शस्त्रक्रियेने, श्वास मध्येच थांबू नये म्हणून दिलेलं कॅफिन कधी थांबवलं, घरी जाताना जागेपणी आणि गाढ झोपेत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, किती होतं.

बीपीडी मध्यम किंवा तीव्र असेल तर ३६ आठवड्यांच्या सुमारास हृदयाची टूडी इको झाली का हेही विचारा. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलेला असू शकतो. तो बाहेरून दिसत नाही आणि साध्या सर्दीत बाळाची तब्येत अचानक बिघडवतो.

सगळ्या कागदांचे फोटो आई आणि बाबा दोघांच्याही फोनवर ठेवा. सरकारी एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांच्या विभागातून) सुट्टी झाली असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही कार्ड दाखवा, लपवू नका. नजर लागेल म्हणून बाळ लवकर झालं हे सांगायचंच नाही, अशी घरं बरीच आहेत. त्यामुळे बाळाचं खरंच नुकसान होतं.

पायरी २: घरी ऑक्सिजन लागणार असेल तर

ऑक्सिजनसह घरी सोडणं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली असं नाही. पुरेसा ऑक्सिजन मिळाला की बाळ दूध नीट पितं, वजन वाढतं आणि वजनाबरोबर नवी फुप्फुसंही वाढतात. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सॅच्युरेशन किमान ९० टक्के ठेवायला सांगितलं आहे. अनेक डॉक्टर ९२-९३ च्या वर ठेवतात. तुमच्या बाळासाठी ठरवलेला आकडा कागदावर लिहून घ्या आणि पाळण्याजवळ चिकटवा.

मोठ्या माणसांच्या बोटाला लावायचं छोटं ऑक्सिमीटर बाळाला चालत नाही. पावलाला गुंडाळायचा बाळांचा प्रोब असलेलं यंत्र लागतं. पाय हलत असताना दिसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाळ शांत असताना, दूध पिताना आणि गाढ झोपेत, अशा तिन्ही वेळा बघा, कारण आकडा उतरतो तो शेवटच्या दोन वेळांना.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, भाड्याने घेताना दुकानदाराला बाळाचा फ्लो (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन) सांगा. नेहमीच्या पाच लिटरच्या यंत्रावर पाव लिटरसारखा बारीक प्रवाह अचूक लावता येत नाही. त्यासाठी वेगळा लो-फ्लो मीटर बसवावा लागतो. वीज जाते, म्हणून भरलेला बी टाइप सिलिंडर रेग्युलेटरसकट घरात हवाच. त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. पाव लिटरच्या प्रवाहाने कागदावर १०० तास होतात, पण गळती आणि अर्धवट भरलेल्या सिलिंडरचा विचार करून निम्मेच धरा. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, गॅस, काडीपेटी काहीही नको. निदान तीन मीटरचं अंतर हवं, वेगळी खोली असेल तर उत्तम. नाकपुड्या कोरड्या पडतात म्हणून व्हॅसलीन किंवा तेल लावू नका, ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. पाण्यात विरघळणारी जेल मिळते, ती वापरा.

आणि नळी आपल्या मनाने काढू नका. "आता गुटगुटीत दिसतोय, काढून बघू" हा सल्ला नातेवाईक देतात. ऑक्सिजन उतरवताना डॉक्टर हळूहळू प्रवाह कमी करतात, झोपेतलं सॅच्युरेशन रात्रभर नोंदवतात आणि बहुधा झोपेतला ऑक्सिजन सर्वांत शेवटी काढतात.

पायरी ३: धूर बंद, पूर्ण बंद

माझ्या मते औषधांपेक्षाही घरच्यांच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि आपल्याकडे इथेच सगळं अडतं. बाळंतिणीची शेक-शेगडी आणि आंघोळीनंतर बाळाला ओवा, बाळंतशेपा, धूप यांची धुरी देणं कित्येक घरांत अजून चालतं. धट्टयाकट्ट्या बाळालाही तो धूर चांगला नाही. अपुऱ्या फुप्फुसांच्या बाळाला तर तो थेट इजा करतो.

याला विरोध करताना आईची, सासूबाईंची काळजी खोटी ठरवायची गरज नसते. "आई, डॉक्टरांनी धूर अजिबात नको म्हटलंय. ऊब द्यायची तर आपण छातीशी धरून देऊ" असं सांगितलं की बहुतेक आज्या ऐकतात. छातीशी उघड्या अंगाने धरणं, म्हणजे कांगारू पद्धत, घरी आल्यावरही चालू ठेवता येते, आणि हे काम आजीला दिलं तर तिलाही समाधान असतं.

धुरीशिवाय बाकीचे धूरही मोजा. मच्छर कॉइलऐवजी मच्छरदाणी. तव्यावर मिश्री भाजणं घरात नको. चूल असेल तर स्वयंपाकाच्या वेळी बाळ त्या खोलीत नको. घरातल्या कुणी अंगणात बिडी ओढली तरी कपड्यांना, केसांना ते चिकटून आत येतं, म्हणून शर्ट बदलून, हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यायचं. सोडता आलं तर फारच चांगलं. गावाकडे ऊसतोडणीनंतर पाचट पेटवतात तेव्हा खिडक्या लावून घ्या. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या बाजूची खोली बाळासाठी वापरू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, त्यावरची काळी बुरशीही छातीला त्रास देते. बाळाचं अंथरूण त्या भिंतीपासून दूर हलवा.

कापूर जाळणं, कापराची पुडी गळ्यात बांधणं, कापराचं तेल छातीला लावणं टाळा. कापूर बाळांना विषारी आहे, त्याने झटके येऊ शकतात.

पायरी ४: दूध, तेल आणि मालिशवाल्या मावशी

फुप्फुसं वाढायला उष्मांक लागतात, आणि या बाळांचे श्वास घेण्यातच जास्त उष्मांक खर्च होतात. पहिल्या काही महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढणं अपेक्षित असतं. वाढ अडली तर दूध वाढवण्याआधी झोपेतलं आणि दूध पितानाचं सॅच्युरेशन तपासून घ्या. कित्येकदा कारण तिथे सापडतं. पिताना घाम येणं, मध्येच थांबून धापा टाकणं, प्रत्येक वेळी ठसका लागणं ही लक्षणं डॉक्टरांना मुद्दाम सांगा. दूध थोडं थोडं श्वासनलिकेत उतरत असेल, तर छाती वारंवार भरते आणि अँटिबायोटिकचे कोर्स चालूच राहतात.

बोंडल्याने दूध पाजायचं तर बाळाचं डोकं उंच धरून, जागं असताना, एकेक घोट गिळू देऊन. आडवं झोपवून, तोंड धरून ओतणं धोक्याचं आहे. मालिश चालेल, हलक्या हाताने. पण नाकात तेल सोडणं बंद. ते तेल फुप्फुसात उतरतं, तिथे सूज आणतं आणि औषधाने ते काढता येत नाही. "मावशी, बाकी सगळं करा, नाकाकानात काही घालू नका" हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. वेखंडाची किंवा कुठलीही पावडर उधळली जाईल अशी लावू नका. ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेलं लोह चुकवू नका.

पायरी ५: लसी जन्मतारखेप्रमाणे

विकासाचे टप्पे मोजताना आपण सुधारित वय धरतो, म्हणजे बाळ जितके आठवडे आधी झालं तितके वजा करतो. लसींना हा हिशोब लागू नाही. सहा आठवड्यांची लस जन्मापासून सहा आठवड्यांनीच द्यायची, वजन कमी आहे म्हणून पुढे ढकलायची नाही. तेव्हा बाळ अजून दवाखान्यातच असेल तर लस तिथेच देतात आणि श्वास थांबत नाही ना यावर एक-दोन दिवस लक्ष ठेवतात. घाई एवढ्यासाठी की आईकडून बाळाला प्रतिपिंडं जातात ती मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, आणि या बाळाला ते आठवडे मिळालेलेच नसतात.

न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी मोफत आहे. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. आपल्याकडे ती पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. आईबाबा, आजीआजोबा आणि सांभाळणाऱ्या बाईंनीही फ्लूची लस घ्यावी. लहान बाळांची छाती भरवणारा सर्वांत मोठा विषाणू आरएसव्ही. त्याच्याविरुद्ध निर्सेव्हिमॅब या तयार प्रतिपिंडाचं एक इंजेक्शन काही महिने संरक्षण देतं. तुमच्या शहरात ते मिळेल का आणि बाळाला लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

पहिली दोन वर्षं पाळणाघर, लग्नाचे हॉल, गर्दीचे मॉल टाळता आले तर टाळा. बारसं घरच्या घरी करा. सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच "बरं वाटलं की या" म्हणण्यात कसलाही अपमान नाही.

पायरी ६: आजारी पडलं तर

बाळ बरं असतानाच, झोपेत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजून लिहून ठेवा. हा त्याचा नेहमीचा आकडा. सर्वसाधारणपणे दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. बीपीडीच्या बाळाचा नेहमीचाच वेग थोडा जास्त असतो, म्हणून त्याच्या स्वतःच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची.

पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर झालेत, निम्म्याहून कमी दूध घेतंय, श्वास मध्येच थांबतोय, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते पहिल्याच वाक्यात सांगा. पोट फुगलं, धाप लागली म्हणून बाळाला चटके देण्याचा प्रकार मेळघाटासारख्या भागात आजही घडतो. त्याने आजार जात नाही. भाजलेल्या जखमा मात्र होतात आणि दवाखान्यात पोचायचा वेळ वाया जातो.

साध्या सर्दीत नाकात सलाइनचे थेंब आणि थोडं थोडं, वारंवार दूध एवढं पुरतं. खोकल्याची सिरपं नकोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत असं कळवलं आहे. शेजाऱ्यांच्या नेब्युलायझरमध्ये त्यांचंच औषध घालून वाफ देणं हाही उपाय नव्हे.

पायरी ७: "दमा आहे" हे ऐकल्यावर

तीन-चार वर्षांच्या पुढे ही मुलं पळताना धापतात, सर्दीत घरघरतात. नव्या डॉक्टरांना जन्माची हकिकत माहीत नसते, म्हणून पंप सुरू होतो आणि वर्षानुवर्षं चालतो. नेहमीच्या दम्यात बहुधा श्वासनलिकांना ॲलर्जीची सूज असते आणि श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडने ती उतरते. सातमाशी मुलांत बऱ्याचदा नलिका मुळातच अरुंद असतात, ॲलर्जीची सूज नसते. मग तेच औषध फारसा फरक करत नाही. काही मुलांना खरोखर उपयोग होतो, म्हणून पंप फेकून देऊ नका. दोन प्रश्न विचारा: श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटॉमॉलच्या आधी आणि १५ मिनिटांनी नंतर फुंकून तपासलं का? आणि स्टेरॉइड चालू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी फरक मोजून, नसेल तर ते बंद करायचं ठरलं आहे का?

आवाज घोगरा असेल, श्वास आत घेताना करकर होत असेल, तर तो दमा नव्हे. नळी घातलेल्या जागी श्वासमार्ग अरुंद होणं किंवा पीडीएच्या शस्त्रक्रियेनंतर स्वररज्जू लुळा पडणं शक्य असतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पायरी ८: पाच-सहा वर्षांपासून फुंकण्याची तपासणी

स्पायरोमेट्री, दवाखान्याच्या भाषेत पीएफटी, साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला जमते. ती करायलाच हवी, कारण मूल स्वतः तक्रार करत नाही. त्याच्या लेखी धाप हीच नेहमीची गोष्ट असते. आदल्या आठवड्यात पिपाणी, फुगे असा सराव घ्या. तपासणीआधी काही तास पंप थांबवायचा का ते विचारून घ्या.

अहवालात पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, तिचं एकूण हवेशी प्रमाण, आणि झेड-स्कोर, म्हणजे त्या वयाच्या-उंचीच्या सरासरीपासून आकडा किती दूर आहे, ते बघा. एकाच अहवालावरून घाबरू नका. महत्त्वाचं हे की मुलाची रेघ वयाबरोबर वर जाते आहे की मागे पडते आहे. बीपीडी झालेल्या किंवा लक्षणं असलेल्या मुलाची दरवर्षी, बाकीच्यांची निदान शाळेत जाताना, दहाव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करावी, असं मला वाटतं.

आता यंत्रं सौम्य झालीत, हे सगळं जुन्या बाळांसाठी, असंही सांगणारे भेटतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९१-९२, १९९७ आणि २००५ मध्ये २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तुलना झाली. २००५ च्या मुलांना नाकावाटे सौम्य आधार जास्त मिळाला होता, तरी त्यांची फुंकण्याची क्षमता आधीच्यांपेक्षा चांगली निघाली नाही, उलट कमीच होती. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

पायरी ९: खेळ आणि प्रवास

मुलाला जपून घरात बसवू नका. पळणं, पोहणं, सायकल, कबड्डी सगळं चालतं आणि हवंच. पीटीच्या सरांना चिठ्ठी द्या: सुरुवात हळू, धाप लागली तर थांबू द्यावं, पण खेळातून काढू नये. खेळताना चक्कर आली, ओठ निळे पडले किंवा छातीत दुखलं तर खेळ थांबवून इको आणि व्यायामाची तपासणी.

विमानाच्या केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतकी विरळ असू शकते. बाळ ऑक्सिजनवर असेल किंवा नुकतंच सुटलं असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, तिथे बहुतेक मुलांना अडचण येत नाही. लेह साडेअकरा हजारांवर आहे, ती सहल पुढे ढकलावी.

पायरी १०: मूल मोठं झाल्यावर

फुप्फुसांची ताकद विशीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि मग प्रत्येकाचीच हळूहळू उतरते. या मुलांचा वरचा टप्पाच खाली असतो, म्हणून सिगारेट ओढली तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, इतरांपेक्षा लवकर गाठू शकतो. हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी, मित्रांच्या हातात पहिली सिगारेट यायच्या आधी, आकडे दाखवून सांगा. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, तरी ती मिळते. तिचंही नाव घेऊन बोला.

अठराव्या वर्षी मुलाला स्वतःचं वाक्य पाठ हवं: "मी अमुक आठवड्यांना जन्मलो, व्हेंटिलेटरवर होतो, माझी शेवटची पीएफटी अशी होती." भूल देण्याआधी, न्यूमोनिया झाल्यावर, नवा डॉक्टर गाठल्यावर हे सांगायचं.

नोकरी निवडताना हवेचा विचार करा. फाउंड्री, दगडखाण, स्प्रे पेंटिंग, कापसाची जिनिंग, पिठाची गिरणी इथली धूळ आणि वाफ रोज आठ तास छातीत जाते. दुसरा पर्याय असेल तर तो घ्यावा. नसेल तर रुजू होण्याआधी एक पीएफटी करून ठेवावी, कामावर चांगल्या प्रतीचा मास्क वापरावा आणि दरवर्षी तपासणी करून पहिल्या अहवालाशी ताडून बघावी. आकडा भराभर उतरताना दिसला तर खातं बदलून मागण्यासाठी हेच अहवाल उपयोगी पडतात.